शेवटचा ‘ए’ कुठे गेला? जुन्या बेसबॉल कार्डांवरचे छपाईतले भेद आणि त्यांचं ग्रेडिंग

टॉप्स या अमेरिकी कंपनीने १९५८ साली काढलेल्या, खेळाडूंच्या चित्रांच्या बेसबॉल कार्डांमध्ये ४३३ क्रमांकाचं कार्ड आहे फिलाडेल्फिया फिलीज संघाच्या पांचो हेरेराचं. साधं कार्ड थोडक्या डॉलरांत मिळतं. पण त्याच कार्डाच्या मोजक्या प्रतींवर आडनावाचा शेवटचा ‘ए’ उमटलेलाच नाही. ‘हेरेरा’चं ‘हेरेर’ झालंय. या एका अक्षराच्या गैरहजेरीसाठी लोक शेकडो डॉलर मोजतात आणि कार्ड चांगल्या अवस्थेत असेल तर हजारो.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमचा मिरजेचा छापखाना आठवला. अण्णा ट्रेडल मशीनवर लग्नपत्रिका छापायचे. शिशाच्या खिळ्यांमध्ये रफार आणि मात्रा फार नाजूक. छापता छापता एखादा रफार मोडून पडायचा आणि ‘वर्षा’ची ‘वषा’ व्हायची. पन्नास-साठ पत्रिका निघाल्यावर कुणाच्या तरी लक्षात यायचं. मग मशीन थांबवायचं, खिळा बदलायचा आणि बिघडलेल्या पत्रिका बाजूला काढायच्या. त्यांच्या कोऱ्या बाजूवर आम्ही भावंडं वर्षभर गणितं सोडवायचो.

आता मी न्यू जर्सीत राहतो आणि गेली बारा वर्षं जुनी बेसबॉल कार्डं जमवतो. इथे ‘वषा’ला किंमत आहे, पण प्रत्येक ‘वषा’ला नाही. हेरेराचा ‘ए’ गेला तर ते कार्ड जमवणाऱ्यांच्या यादीत स्वतंत्र नोंदवलं जातं. शेजारच्या कार्डावर शाईचा तेवढाच डाग पडला असेल तर मात्र ते ‘खराब छपाई’ ठरतं आणि भाव उतरतो. हा फरक कोण ठरवतं आणि कशावरून? हा छंद नव्याने लागलेल्या आपल्याकडच्या कुणालाही मी एकच सांगतो: कार्डावर काय दिसतंय ते नंतर बघा, आधी ते छापखान्यात नेमकं कुठे घडलं ते शोधा. बाकीचं कोडं त्यातून सुटत जातं.

आधी ताव

ही कार्डं एकेक करून छापलेली नसतात. मोठ्या तावावर ओळीने बसवतात, पाठपोट छापतात आणि मग कापतात. आपल्याकडे व्हिजिटिंग कार्डं किंवा लेबलं छापतात तसंच. त्यामुळे प्रत्येक कार्डाला तावावर स्वतःचं एक घर असतं आणि तिथले शेजारीही ठरलेले असतात. ही गोष्ट डोक्यात पक्की बसली की निम्मं काम झालं.

टॉप्सचा १९५२ चा संच घ्या. एकूण ४०७ कार्डं, टप्प्याटप्प्याने बाजारात आलेली. शेवटचा टप्पा ३११ ते ४०७, म्हणजे ९७ कार्डांचा. ताव मात्र दहा बाय दहाचा, शंभर घरांचा. तीन घरं रिकामी राहत होती. कागद वाया कोण घालवणार? मग तीन खेळाडू दोन-दोनदा बसवले: ३११ मिकी मँटल, ३१२ जॅकी रॉबिन्सन आणि ३१३ बॉबी थॉमसन. दोन घरांतली मांडणी तंतोतंत सारखी झाली नाही. मँटलच्या कार्डाच्या पाठीवर एका चेंडूच्या चित्रात कार्डाचा क्रमांक आहे. त्या चेंडूची शिवण एका प्रकारात डावीकडे वळते, दुसऱ्यात उजवीकडे. दोन्ही एकाच तावावरची भावंडं आहेत. यात चूक कुणाची नाही, सुधारणाही नाही, तरी हा खराखुरा छपाईभेद आहे.

हेच मँटलचं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरांना विकलं गेलं. म्हणजे त्या टप्प्यातल्या बहुतेक कार्डांपेक्षा दुप्पट छापलेलं कार्डच त्यांतलं सगळ्यात महाग आहे. दुर्मिळपणा आणि किंमत यांचं नातं सरळ नसतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. हा शेवटचा टप्पा बाजारात आला तेव्हा हंगाम संपत आला होता आणि माल पडून राहिला. टॉप्सचे साय बर्जर पुढे सांगत असत की १९६० मध्ये उरलेली खोकी बार्जवर लादून त्यांनी अटलांटिक समुद्रात बुडवली.

चूक झाली म्हणून भेद होत नाही

नवख्या माणसाची पहिली गल्लत इथे होते. टॉप्सच्या १९५७ च्या संचात २० क्रमांकाचं कार्ड हँक अ‍ॅरनचं आहे. फोटोची निगेटिव्ह उलटी लागली आणि उजव्या हाताने खेळणारा अ‍ॅरन डावखुरा झाला. चूक ढळढळीत आहे, पण कंपनीने ती कधी दुरुस्तच केली नाही. अ‍ॅरनचं १९५७ चं प्रत्येक कार्ड असंच आहे. त्यामुळे या चुकीला वेगळी किंमत नाही.

चुकीतून भेद तयार होतो तो ती दुरुस्त केल्यावर. कुणीतरी छपाई चालू असताना थांबवतो, छपाईचा पत्रा, म्हणजे प्लेट, बदलतो आणि एकाच कार्डाचे दोन अवतार होतात. कोणता अवतार दुर्मिळ, हे दुरुस्ती कधी झाली यावर ठरतं. लवकर झाली तर चुकीचा दुर्मिळ, उशिरा झाली तर दुरुस्त केलेला.

तंबाखूच्या पाकिटांतून १९०९ ते १९११ या काळात निघालेल्या टी २०६ संचात फिलाडेल्फियाच्या शेरी मॅगीचं कार्ड आहे. त्याच्या आडनावाचं स्पेलिंग एम-ए-जी-ई-ई. आधी छापलं गेलं एम-ए-जी-आय-ई. बोलून बघितलं तर कानाला फरकही कळत नाही. पण कुणीतरी ते लगेच पकडलं आणि आज ‘आय’वालं कार्ड या संचातल्या सर्वात प्रसिद्ध दुर्मिळ कार्डांपैकी एक आहे. त्याच संचात जो डॉइलची गोष्ट आणखी बारीक आहे. न्यूयॉर्कच्या नावाचे तेव्हा दोन संघ होते, एक नॅशनल लीगचा आणि एक अमेरिकन लीगचा, आणि दोन्हींत एकेक डॉइल. जो डॉइल अमेरिकन लीगच्या संघाचा, पण त्याच्या नावापुढे ‘एन. वाय. नॅटल’, म्हणजे न्यूयॉर्क नॅशनल, असं छापलं गेलं. मग ‘नॅटल’ काढून टाकलं. काढण्याआधीची कार्डं जगात इतकी कमी उरली आहेत की ती बोटांवर मोजता येतील.

काही वेळा छापणाऱ्याची चूक नसतेच, जग बदललेलं असतं. १९७४ च्या सुरुवातीला सॅन डिएगो पाद्रेस हा संघ वॉशिंग्टनला जाणार अशी सगळ्यांची खात्री होती. टॉप्सने त्या भरवशावर विली मॅकोव्हीसह संघाच्या १५ कार्डांवर ‘वॉशिंग्टन’ छापूनही टाकलं. मग मॅकडॉनल्ड्सचे रे क्रॉक यांनी संघ विकत घेऊन सॅन डिएगोतच ठेवला आणि टॉप्सला नाव बदलावं लागलं. कधीच अस्तित्वात न आलेल्या संघाची ती १५ कार्डं माझ्या विशेष आवडीची आहेत. महागही नाहीत, मॅकोव्ही सोडला तर कुणालाही परवडतात.

शाई, कागद आणि दुसरा छापखाना

दुसऱ्या प्रकारचे भेद मजकुरात नसतात, मालमसाल्यात असतात. १९५२ च्या पहिल्या ८० कार्डांची पाठ काही वेळा लाल शाईत, काही वेळा काळ्या शाईत आहे. १९५६ च्या १ ते १८० क्रमांकांच्या कार्डांची पाठ राखाडी पुठ्ठ्याची आहे किंवा पांढऱ्या. १९५८ च्या पहिल्या टप्प्यातल्या काही कार्डांवर नाव किंवा संघाचं नाव पांढऱ्याऐवजी पिवळ्या अक्षरांत आहे, त्यांत अ‍ॅरन आणि रॉबर्टो क्लेमेंटे हे नावाजलेले खेळाडूही आहेत. १९६९ च्या मँटलच्या ५०० क्रमांकाच्या कार्डावर उलटं: नेहमीचं आडनाव पिवळं, दुर्मिळ ते पांढरं.

पण मला सर्वात जवळचा वाटतो तो १९६२ चा ‘ग्रीन टिंट’. त्या वर्षीच्या संचाला लाकडाच्या फळीसारखी तपकिरी चौकट आहे. ११० ते १९६ ही कार्डं दोन खेपांना छापली गेली आणि दुसरी खेप वेगळ्या छापखान्यात झाली असं मानतात. त्या खेपेत सगळ्या फोटोंवर हिरवट झाक आली. आकाश हिरवं, चेहऱ्यावर शेवाळी छटा, पांढरा गणवेशही हिरवट. छापखान्यात वाढलेल्या माणसाला हे बघताक्षणी कळतं: रंगांचं गणित बिघडलंय. चार रंग एकावर एक पडताना एखादा जास्त चढला किंवा कमी उतरला की त्वचा सगळ्यात आधी ओरडते.

नव्याने पत्रे करताना काही खेळाडूंचे फोटोही बदलले. कार्ल विली १७४ क्रमांकावर एका छपाईत टोपी घालून आहे, दुसऱ्या छपाईत बोडक्या डोक्याने. माझ्याकडे विलीची ही जोडी आहे. खिडकीतल्या उजेडात दोन्ही शेजारी ठेवली आणि दहापटीच्या भिंगातून पाहिली, तर ठिपक्यांची दाटीसुद्धा वेगळी दिसते. म्हणजे निव्वळ शाई जास्त झाली असं नाही, पत्राच वेगळा आहे. मात्र एक सावधगिरी: ग्रीन टिंट कधीही फोनवरच्या फोटोवरून ठरवू नका. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत सगळीच कार्डं हिरवी दिसतात. एक नक्की साधं कार्ड जवळ ठेवायचं आणि त्याच्याशेजारी, दिवसाच्या उजेडात पाहायचं.

मशीनवर घडलेलं

आता हेरेराकडे परत. त्याचा ‘ए’ कुणी मुद्दाम काढला नव्हता. ऑफसेट छपाईत पत्र्यावरची शाई आधी रबराच्या ब्लँकेटवर उतरते आणि तिथून कागदावर. या वाटेत कुठेही काही आडवं आलं, म्हणजे कागदाचा कपटा, चिकटपट्टीचा तुकडा किंवा वाळलेल्या शाईची खपली, की तेवढ्या जागेत छाप उमटत नाही. हे आडवं आलेलं एकाच जागी चिकटून राहिलं, तर कुणी ते काढेपर्यंत प्रत्येक तावावर तीच उणीव येत राहते.

हेच मोठ्या प्रमाणावर झालेलं पाहायचं असेल तर टॉप्सचं १९९० चं फ्रँक थॉमसचं ४१४ क्रमांकाचं कार्ड बघा. त्या मानाने नवं कार्ड, पण धडा पक्का. काही प्रतींवर थॉमसचं नावच नाही. वर्षानुवर्षं लोक त्याला एकट्या कार्डाची चूक समजत होते. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की त्याच संचातल्या आणखी काही कार्डांवर काळ्या शाईचे छोटे तुकडे गायब आहेत, कुठे चौकटीची रेघ तुटलेली, कुठे नावाची कड गेलेली. ती सगळी कार्डं तावावरच्या आपापल्या घरी बसवली तेव्हा तुटलेल्या जागा एकमेकींना जोडल्या गेल्या आणि काळ्या रंगाच्या छपाईत आडव्या आलेल्या वस्तूची आकृती समोर उभी राहिली. थॉमसचं घर तिच्या ऐन मध्यात होतं. हे काम छंदापायी केलेलं आहे. कुणी पगारी संशोधक नव्हता, हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

उलट ज्याला छापखान्यात ‘हिकी’ म्हणतात, म्हणजे धुळीच्या कणामुळे पडणारा पांढऱ्या कड्याचा गोल ठिपका, तो आज इथे, उद्या तिथे. मशीनमन पुसून टाकतो, कण सरकतो. असा ठिपका असलेलं कार्ड तेवढं एकटंच असतं. त्याला व्हेरिएशन, म्हणजे मान्य भेद, म्हणायचं नाही, कितीही मोठा आणि मजेदार दिसला तरी.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. त्याच कार्डाच्या, वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या निदान तीन प्रतींवर तोच दोष, त्याच जागी, त्याच आकाराचा दिसला, तर तो मशीनने पुन्हा पुन्हा छापला आहे. एकाच प्रतीवर असेल तर तो डाग. पण पुन्हा पुन्हा छापलेला प्रत्येक दोष यादीत जातोच असं नाही. असे शेकडो दोष जाणकारांना माहीत आहेत, त्यांतला ‘हेरेर’ यादीत गेला कारण तो नुसत्या डोळ्यांना दिसतो, नावात आहे आणि जुन्या सूचीकारांनी तो नोंदवला. या छंदातली सीमारेषा थोडी यंत्राने आखली आहे आणि थोडी माणसांनी.

कापताना झालेल्या गोष्टी मात्र जवळजवळ कधीच भेद ठरत नाहीत. ताव सरकला, कार्ड तिरकं कापलं गेलं, एवढंच. अपवाद टी २०६ चा. त्यात इतकं सरकून कापलेलं कार्ड मिळतं की वरच्या टोकाला एका खेळाडूचं नाव आणि खालच्या टोकाला दुसऱ्याचं. अशा दोन नावांच्या कार्डांसाठी जमवणारे आनंदाने जास्त पैसे देतात, कारण तावावर कोण कोणाचा शेजारी होता याचा तो थेट पुरावा असतो.

पाठ बघा

टी २०६ ही कार्डं साधारण साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि साडेसहा सेंटिमीटर उंच, सिगारेटच्या पाकिटात मावतील अशी. छपाई न्यूयॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीची, तंत्र शिळाछापाचं: प्रत्येक रंगाचा वेगळा छाप, एकावर एक. ज्यांच्या घरी आजीच्या देवघरात राजा रविवर्म्याच्या छापखान्याची लक्ष्मी किंवा सरस्वती होती त्यांनी या कार्डांची चुलत बहीण रोज पाहिली आहे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला तो छापखाना याच जातीच्या तंत्रावर चालायचा. त्या चित्रांत कधी ओठांचा लाल रंग ओठांबाहेर सरकलेला दिसतो ना, तेच इथे खेळाडूंच्या टोप्यांवर होतं.

या संचात साधारण ५२४ वेगवेगळी कार्डं धरतात. पण खरी मौज पाठीवर आहे. अमेरिकन टोबॅको कंपनीने तीच चित्रं १६ वेगवेगळ्या ब्रँडसाठी वापरली आणि पाठीवर त्या त्या ब्रँडची जाहिरात छापली. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल ढिगाने मिळतात. ड्रम, उझिट, लेनॉक्स, ब्रॉड लीफ यांच्या मागे लोक आयुष्य घालवतात. शिवाय पाठीवर कारखान्याचा क्रमांक असतो, आणि बऱ्याचदा किती खेळाडूंची मालिका तेही छापलेलं असतं: १५०, ३५० किंवा ४६०. म्हणजे पुढून अगदी सारखी दिसणारी दोन कार्डं पाठ फिरवल्यावर एक स्वस्तातलं आणि एक कितीतरी पट महागाचं निघू शकतं. मी जुन्या कार्डांच्या जत्रेत गेलो की आधी पाठच बघतो. विक्रेत्यांना आता सवय झालीय.

पाठ आणि पोट यांची सांगड कालगणनाही शिकवते. रे डेमिट आणि बिल ओहारा हे दोघे छपाई चालू असताना सेंट लुईसला गेले. त्यांच्या नावापुढचं न्यूयॉर्क बदलून सेंट लुईस केलं गेलं आणि ती बदललेली कार्डं फक्त पोलर बेअर या ब्रँडच्या पाठीसोबतच सापडतात. एवढ्यावरून पोलर बेअरची छपाई केव्हाची, याचा अंदाज बांधता येतो. पोलर बेअर ही सुटी तंबाखू होती आणि कार्ड थेट तिच्यात पडलेलं असायचं, म्हणून त्यावर तपकिरी डाग हमखास असतात. माझ्याकडच्या एका कार्डावर असा डाग आहे, बरोबर खेळाडूच्या खांद्यावर. तो कधी काढू नये असं मला मनापासून वाटतं. ग्रेडिंगवाले मात्र त्याचे गुण कापणार.

गुण कशाचे मिळतात

ग्रेडिंग म्हणजे त्रयस्थ कंपनीने कार्ड तपासून, ते अस्सल आहे का, कापाकापी झाली आहे का हे पाहून, त्याच्या अवस्थेला १ ते १० मध्ये गुण देणं आणि ते कठीण प्लास्टिकच्या डबीत बंद करणं. या डबीला जमवणारे ‘स्लॅब’ म्हणतात. अशा कंपन्यांपैकी पीएसए १९९१ मध्ये सुरू झाली, एसजीसी १९९८ मध्ये, बेकेटचं ग्रेडिंग १९९९ मध्ये.

चार गोष्टी पाहतात: चित्र मध्यभागी आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. ‘मध्यभागी’ हे मोजून ठरवतात. डावीकडची कोरी पट्टी तीन मिलिमीटर आणि उजवीकडची दोन असेल तर ते ६०/४०. कोपऱ्यांवर धागे सुटलेत का ते भिंगाखाली बघतात. १९६२ च्या तपकिरी चौकटीवर कडेला पुठ्ठा उडाला की पांढरा लगेच चमकतो. म्हणून त्या वर्षीची चांगल्या गुणांची कार्डं कमी आहेत.

गुणांसोबत पीएसए कधी कधी अक्षरंही जोडते. ‘ओसी’ म्हणजे चित्र मध्यावरून सरकलेलं, ‘एमसी’ म्हणजे चुकीचं कापलेलं, ‘एसटी’ डाग, ‘एमके’ कुणी पेनाने लिहिलेलं आणि ‘पीडी’ म्हणजे प्रिंट डिफेक्ट, छपाईचा दोष.

खरी गंमत या ‘पीडी’पाशी आहे. ‘हेरेर’ हा तांत्रिकदृष्ट्या निव्वळ छपाईचा दोष आहे. पण तो मान्यताप्राप्त व्हेरिएशन असल्यामुळे लेबलवर त्याचं नाव अभिमानाने येतं. तसाच, तितकाच पक्का, पण यादीत नसलेला दोष दुसऱ्या कार्डावर असेल तर त्याचे गुण जातात किंवा मागे ‘पीडी’ लागतं. दोष तोच, एकदा मुकुट आणि एकदा दंड. हे अन्यायाचं वाटलं तरी समजून घेतलं पाहिजे, कारण ग्रेडिंग करणारा अवस्था मोजायला बसलेला असतो. कार्डाची छपाईची हकिगत मोजण्याचं काम त्याचं नाही. ते आपलं आहे.

हे मी पैसे घालवून शिकलो. माझं एक ग्रीन टिंट कार्ड ग्रेडिंगला पाठवलं. अर्जात फक्त साल, क्रमांक आणि खेळाडूचं नाव लिहिलं, वाटलं तज्ज्ञ बघतीलच. परत आलं तेव्हा गुण ६, आणि लेबलवर ग्रीन टिंटचा शब्दही नाही. चूक अर्धी माझी होती. दिवसाला ढीगभर कार्डं हाताळणारा माणूस प्रत्येकाची झाक तपासत बसत नाही. तेव्हापासून अर्जात भेदाचं नेमकं नाव लिहितो, आणि पाठवण्याआधी ती कंपनी तो भेद लेबलवर नोंदवते का तेही विचारून घेतो.

याची दुसरी बाजूही आहे. दुसऱ्यांनी पाठवलेल्या कार्डांच्या लेबलवर नसलेला भेद तुम्हाला डबीतल्या कार्डात दिसू शकतो. साध्या लेबलाखाली दुर्मिळ पाठ किंवा दुर्मिळ अक्षर लपलेलं मी दोनदा पाहिलं आहे. म्हणून डबी विकत घेतानाही कार्ड वाचा, लेबल नंतर.

गुणांवर आंधळा विश्वास का ठेवू नये याची सर्वात मोठी गोष्ट टी २०६ मधल्या होनस वॅग्नरची आहे. पिट्सबर्गचा हा खेळाडू. त्याची साठच्या आसपासच कार्डं आज माहीत आहेत. त्यांतलं एक पीएसएने पहिलंवहिलं कार्ड म्हणून तपासलं आणि ८ गुण दिले. पुढे २०१३ मध्ये लिलाव घर चालवणाऱ्या बिल मास्ट्रो यांनी न्यायालयात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा त्यांनी कापल्या होत्या. शंभर वर्षांच्या जुन्या कार्डाच्या कडा इतक्या धारदार कशा, हा प्रश्न लोक आधीपासून विचारत होते.

बनावट भेद

भेदाला किंमत आली की भेद बनवणारेही आले. साध्या डॉइलच्या नावापुढे ‘नॅटल’ रंगवायचं, मॅगीचा ‘ई’ खरवडून ‘आय’ करायचा, रासायनिक द्रव्याने एखादं अक्षर उडवायचं किंवा कार्ड उन्हात ठेवून रंग फिका करायचा आणि ‘रंग छापायचा राहिला’ म्हणून विकायचं. भिंग जवळ असेल तर यांतलं बरंच पकडता येतं. न छापलेल्या जागी कागदाचे तंतू शांत, सपाट असतात, खरवडलेल्या जागी उभे राहतात आणि कार्ड तिरक्या उजेडात धरलं की तिथली चमक बदलते. उन्हाने एक रंग गेला तर इतर रंगही थोडे उतरलेले असतात. पाठ, कडा, चौकटीचा रंग ताडून पाहा.

टी २०६ च्या खाली खेळाडूचं नाव तपकिरी शाईत सलग छापलेलं असतं. भिंगातून त्या अक्षरांत ठिपके दिसले तर ते नंतर फोटोवरून केलेलं आहे. आणि अतिनील (यूव्ही) प्रकाशाचा छोटा टॉर्च ठेवा. आताच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात, त्यामुळे तो त्या प्रकाशात निळसर उजळतो. १९१० चा पुठ्ठा उजळता कामा नये.

या संचांना टी, एन, ई, आर अशी अक्षरं देऊन सगळ्या जगाला शिस्त लावणारा माणूस होता सिराक्यूसचा जेफरसन बर्डिक. त्याने तीन लाखांहून जास्त छापील कार्डं आणि चिठोऱ्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिल्या. संधिवाताने वाकड्या झालेल्या हातांनी ती सगळी स्वतः अल्बममध्ये लावत बसला. खळीने चिकटवून. १९६३ च्या जानेवारीत काम संपवलं आणि दोनच महिन्यांत गेला. आजच्या पट्टीने त्यांतल्या बहुतेक कार्डांना जेमतेम १ गुण मिळेल. पण ज्या नावाने आपण टी २०६ म्हणतो ते त्या चिकटवणाऱ्या हातांनी दिलेलं आहे.

सध्या माझ्या टेबलावर १९५८ चंच एक अगदी साधं, कुणालाही न आठवणाऱ्या खेळाडूचं कार्ड आहे. संघाच्या नावातल्या दुसऱ्या अक्षराखाली खसखशीच्या दाण्याएवढा काळा ठिपका. दुसरी प्रत ओहायोच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडली, ठिपका तिथेच. तिसरी शोधतोय.